भिंत फोडायच्या आधी केबलचं टोक बघा

दिवाळीत बऱ्याच जणांनी मोठे टीव्ही घेतलेले दिसतायत, कारण या महिन्याच्या पत्रांत गिझर आणि इन्व्हर्टर जवळजवळ गायब आणि सगळीकडून एकच रडगाणं, टीव्ही नवा आणला पण चित्र जुनंच. म्हणून यावेळचं सदर केबललाच देऊन टाकलंय. मिक्सरवाल्यांनी रागवू नका, पुढच्या महिन्यात तुमचा नंबर.

डोंबिवलीहून एक ताई विचारतात : आम्ही ४३ इंची टीव्ही घेतला. एचडी पॅक घेतला, सेट टॉप बॉक्सही एचडीचा आहे असं केबलवाला म्हणतो. पण चित्र धुरकट आणि माणसांचे चेहरे फताडे दिसतात. इलेक्ट्रिशियन बघून गेला, म्हणाला भिंतीतली ही काळी गोल केबल जुनी आहे, हिच्यातून एचडी जातच नाही, नवीन वायरिंग करावं लागेल आणि हॉलची एक भिंत फोडावी लागेल. मिस्टर म्हणतात करून टाकू. मला पटत नाहीये. कोॲक्सिअल केबलमधून खरंच एचडी जात नाही का?

ताई, मिस्टरांना आधी खाली बसवा आणि इलेक्ट्रिशियनला म्हणावं छिन्नी पिशवीत ठेव. जातं. अगदी आरामात जातं.

तुम्ही जो एचडी चॅनेल बघता तो ज्या स्टुडिओतून निघतो ना, तिथे एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये चित्र नेणारी वायर कितीतरी ठिकाणी हीच असते, ७५ ओमची कोॲक्स, फक्त टोकाला आट्यांच्या पिनेऐवजी जरासा पीळ देऊन अडकवायचा बीएनसी कनेक्टर असतो. क्रिकेटच्या मॅचला मैदानाबाहेर ती थेट प्रक्षेपणाची मोठी ओबी व्हॅन उभी असते, तिच्या आत डोकावायला मिळालं तर रॅकच्या मागे या केबलींचे झुपकेच्या झुपके दिसतील. आणि तिथे चित्र अजून दाबलेलं नसतं, कच्चंच असतं, म्हणजे सेकंदाला १.४८५ गिगाबिटचा लोंढा एका केबलीतून शंभरेक मीटर जातो. तुमच्या घरापर्यंत येताना तेच चित्र एमपेग-४ नावाच्या पद्धतीने दाबून दाबून सात-आठ मेगाबिटवर आणलेलं असतं, जवळजवळ दोनशे पट कमी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं आपण म्हणतो, इथे तर ज्या दारातून हत्ती जातो त्यातून उंदीर जाणार नाही असं तो गडी तुम्हाला सांगतोय.

आता केबलवाल्याच्या तारेत काय असतं ते बघा. साधारण ४७ पासून ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, आणि त्याचे फडताळासारखे खण पाडलेले, बहुतेक प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झचे. जुन्या ॲनालॉगच्या काळात एका खणात एक चॅनेल बसायचा. मग मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत देऊन डब्याची, म्हणजे सेट टॉप बॉक्सची, सक्ती झाली, पुणे-नाशिक-नागपूरला पुढच्या मार्चअखेरची मुदत, आणि त्याच खणात आता सेकंदाला ३८ मेगाबिट भरतात, म्हणजे एचडीचे चार-पाच चॅनेल किंवा साधे पंधरा-वीस. लोकांच्या भिंतीतली केबल त्यासाठी कोणी बदलली नाही. केबलला बिचारीला कळतही नाही की आपल्यातून एचडी चाललंय का साधं, तिला फक्त लहर कळते, आणि एचडीची लहर साध्याच्या लहरीपेक्षा जाडजूड वगैरे काही नसते.

मग चित्र धुरकट का? तर इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण हीच कोणी सांगत नाही. डिजिटलमध्ये केबल खराब असली की चित्र धुरकट होतच नाही. ते ॲनालॉगमध्ये व्हायचं. पुण्यात १९७३ ला सिंहगडावरून टीव्ही दिसायला लागला तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं गच्चीवर तो ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणि त्याला चपटी, दोन तारांची रिबनसारखी वायर असायची, वारा आला की एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात आणि एक जण टीव्हीसमोर, "आलं का? आलं का?" आणि चित्रात मुंग्या, सावल्या, एका निवेदिकेच्या दोन निवेदिका. सिग्नल थोडा कमी झाला की चित्र थोडं बिघडायचं. डिजिटलला हे मधलं काही माहीत नाही. एका मर्यादेपर्यंत सिग्नल कितीही पडला तरी चित्र शंभर टक्के स्वच्छ, आणि ती मर्यादा ओलांडली की चौकोन चौकोन, आवाज तुटणार, मग काळा पडदा. म्हणजे चौकोन पडत असतील तर केबलवर संशय घ्या, धुरकट दिसत असेल तर केबल निर्दोष.

तुमचा गुन्हेगार डब्याच्या मागे बसलाय असं मला वाटतं. टीव्ही बसवायला येणारा मुलगा घाईत असतो, जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर लोंबत असते, तो तीच नव्या टीव्हीला खोचतो आणि जातो. त्या पिवळ्या पिनेतून डबा चित्र सोडतो ते जुन्याच पद्धतीचं, ५७६ ओळींचं. एचडीत १०८० ओळी असतात, ठिपक्यांचा हिशोब केला तर साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे सव्वाचार लाखाच्या आत आणि एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर. पाचपट. सव्वाचार लाख ठिपके ४३ इंचांवर ताणले की चेहरा पिठल्यासारखा पसरणारच. आणि गंमत म्हणजे ती पिवळ्या पिनेची वायर आतून कोॲक्सच असते हो, तीही ७५ ओमची! म्हणजे दोष तिथेही तारेचा नाही, डबा त्या भोकातून सोडतो काय याचा आहे. एचडीएमआयची वायर लावा, बहुतेक वेळा ती डब्याच्या खोक्यातच पडलेली असते.

आणि तुम्ही फताडे हा शब्द लिहिलात तिथे मला उरलेलं उत्तर मिळालं. चेहरे आडवे ताणले जातायत म्हणजे तुम्ही बहुधा साधा चॅनेलच बघताय. एचडी पॅक घेतला म्हणून जुना नंबर आपोआप एचडी होत नाही, एचडीचा नंबर वेगळा असतो, आणि आपल्या बोटांना सवय जुन्या नंबराची. तो शोधून लावा. मग टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो किंवा डिस्प्लेचं बटण दाबा, कोपऱ्यात १०८० दिसलं पाहिजे. ५७६ दिसलं तर डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट बदला, काही डबे पहिल्यापासून ५७६ वरच लावून देतात. एवढं करून मला परत लिहा. भिंत राहू द्या.

इस्लामपूरचे एक वाचक लिहितात : वरच्यासारखं धुरकट नाही, आमच्याकडे चौकोनच पडतात, तेही ठरावीक चॅनेलवर आणि त्यात एचडीचे जास्त. डबा दोनदा बदलून झाला. केबलवाला म्हणतो "आमच्याकडून सिग्नल ओके आहे." मग काय समजायचं?

आता इथे मात्र केबलवर संशय घ्यायचा, पण अख्ख्या केबलवर नाही, तिच्या टोकांवर.

आमच्या ताईकडे कराडला हेच चाललेलं. रोज रात्री मालिका ऐन रंगात आली की चौकोन, आणि भाऊजी उठून टीव्हीच्या मागे हात घालून काहीतरी हलवणार की चालू. दोन डबे बदलले, एकदा तर टीव्हीच कंपनीत पाठवायचं ठरत होतं. मी गणपतीला गेलो होतो, म्हटलं बघू दे. मागची पिन आटे फिरवून काढली आणि उजेडात धरली. ही केबल सोलली की क्रमाने काय दिसतं, वरची काळी साल, तिच्या आत केसांसारख्या तारांची जाळी, मग मिठाईवरच्या वर्खासारखी फॉइल, मग पांढरा फोम, आणि बरोब्बर मधोमध एक मिलिमीटरची तार. तर त्या जाळीतला एक केस, अक्षरशः एक, आत वळून मधल्या तारेला टेकत होता. केबल हलवली की सुटायचा, टीव्हीचं स्टँड जरा हललं की पुन्हा टेकायचा. दोन घरांत भांडण लावायला एक माणूस पुरतो तसं. दोन इंच केबल कापून टाकली, जाळी सगळी मागे सालीवर परतवली, पांढरा फोम पिनेच्या आतल्या कडेशी बरोबर आणला, मधली तार तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवली, नवीन पिन. भाचीचं नेलकटर आणि एक ब्लेड, एवढी हत्यारं. त्यानंतर ताईने फोन करून फक्त मालिकेची गोष्ट सांगितलीये, चौकोनांची नाही.

सोलताना एक काळजी घ्या, ब्लेडने मधल्या तारेवर ओरखडा पाडू नका. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी तारेच्या पोटातून जातच नाहीत, तिच्या सालीवरून जातात, १ गिगाहर्ट्झला तांब्यात जेमतेम दोन मायक्रॉन खोल. म्हणजे वरवरचा चरा हा तिच्यासाठी वरवरचा नाहीच.

आता ठरावीक चॅनेलच का, तर कोॲक्समध्ये जितकी फ्रिक्वेन्सी वरची तितका सिग्नल जास्त झिजतो. घरात नेहमी वापरतात ती आरजी-६ केबल घ्या, १०० मीटरला ५० मेगाहर्ट्झवर साधारण पाच डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, ८६० ला वीसच्या आसपास. तीन डीबी गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला, हे लक्षात ठेवलं की पुरे. तेव्हा टोक सैल असेल, पिन गंजली असेल, तर बहुतेक वेळा वरच्या खणातले चॅनेल आधी मरतात. तुमच्या केबलवाल्याने एचडी चॅनेल वरच्या खणांत ठेवले असतील तर घरातल्यांचा समज पक्का होतो की ही केबल एचडीला चालत नाही. जागा वरची म्हणून गेले, एचडी म्हणून नाही.

आणि स्प्लिटर शोधा हो, स्प्लिटर! ती पत्र्याची छोटी डबी, एक इन दोन आउट किंवा चार आउट. चार आउटवाली लावली की प्रत्येक तोंडाला सात डीबीच्या आसपास कमी मिळतात, म्हणजे वरच्या खणांना तर तुम्ही पस्तीस मीटर केबल उगाच गुंडाळून ठेवल्यासारखं. बऱ्याच घरांत अशी डबी माळ्यावर असते, तिची तीन तोंडं मोकळी, कारण ज्या खोल्यांसाठी लावली तिथले टीव्ही केव्हाच गेले. माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने ती चक्क भिंतीत प्लास्टरखाली पुरली होती, सहा महिने मी डब्याला शिव्या घालत होतो आणि ती सापडली ती पडद्याचा रॉड लावायला ड्रिल मारताना. एकच टीव्ही असेल तर डबी काढून सरळ जोडा. दोन असतील तर दोन तोंडांचीच लावा. आणि बूस्टर सगळ्यात शेवटी, कारण बूस्टर सिग्नलबरोबर कचराही मोठा करतो, सडलेल्या पिनेच्या पुढे बूस्टर म्हणजे ताक नासलं म्हणून त्यात साखर.

चिपळूणहून : आमची डिश आहे, गच्चीवर छत्री. जून ते सप्टेंबर एचडी चॅनेल सारखे जातात, साधे बरेच वेळा चालू राहतात. केबल बदलून फरक पडेल का?

आधी घड्याळ बघा. पावसाची सर आली तेव्हा चित्र गेलं आणि सर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत आपोआप आलं, तर ते आभाळाचं काम, त्यात केबल सोन्याची लावली तरी फरक पडणार नाही. डिशचा सिग्नल उपग्रहावरून येतो तो ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि एवढ्या फ्रिक्वेन्सीला तुमच्या कोकणातला पाऊस म्हणजे भिंतच. पण पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि तरी दोन-दोन दिवस चॅनेल नाहीत, मग हळूहळू आले, तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलंय आणि ते वाळेपर्यंत तुम्ही वाट बघताय.

केबलमधून ते ११-१२ गिगाहर्ट्झ येतच नाहीत बरं का, ते कोॲक्सला झेपलं नसतं. छत्रीच्या तोंडाशी असतो तो एलएनबी, तो तिथल्या तिथे ते उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो आणि मग केबलीत सोडतो. तरी हे केबल टीव्हीच्या अडीचपटीपर्यंत वरचं झालं, आरजी-६ मध्ये २१५० ला १०० मीटरमागे तीसेक डीबी जातात. गच्चीपासून हॉलपर्यंत वीस मीटर असेल तर सहा-साडेसहा, त्याला एलएनबीचा जोर पुरून उरतो. पण त्यात पाणी शिरलं की हिशोब मोडतो. फोमने एकदा पाणी ओढलं आणि जाळी काळी-हिरवी पडली की तेवढा तुकडा गेला, तो वाळवून परत वापरायचा नाही.

मग एचडीच का आधी जातं? एकाच उपग्रहावरचे वेगवेगळे ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनेलांचे गठ्ठे खाली पाठवणारी यंत्रं, वेगवेगळ्या पद्धतीने भरलेले असतात. काही सैल भरलेले, काही घट्ट, एस.टी.त सीटपुरतीच माणसं घेतली तर जरा ब्रेक लागला तरी चालतं, उभ्याने खचाखच भरली की एका धक्क्यात सगळी एकमेकांच्या अंगावर. घट्ट भरलेल्याला स्वच्छ सिग्नल तीन-चार डीबी जास्त लागतो, आणि एचडीवाले बऱ्याचदा त्याच गाडीत असतात.

काय करायचं, तर पावसाळ्याआधी गच्चीवरची दोन-तीन फूट केबल कापून नवीन पिन लावा, केबल एलएनबीला जोडायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी पिनेपर्यंत न जाता झोळावरून टपकेल. पिनेवर साधी काळी इन्सुलेशन टेप नको, ती उन्हाने सुटते आणि आत पाणी धरून ठेवते, ताणून गुंडाळली की एकजीव होणारी रबरी टेप मिळते ती घ्या. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर अजिबात थापू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. बाथरूमचं उरलं होतं म्हणून लावलं, असं सांगणारे मला दरवर्षी दोन तरी भेटतात.

लातूरहून : एकाच छत्रीवरून स्प्लिटर लावून दोन डबे जोडलेत. बेडरूमच्या डब्यावर चॅनेल बदलला की हॉलमधले काही चॅनेल जातात. केबल कमी पडते का?

केबल नाही, तुमचे दोन डबे एकाच एलएनबीला दोन हुकूम देतायत. डबा त्याच केबलीतून उलट दिशेने वर वीज पाठवतो, १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे उभ्या डोलणाऱ्या लहरींचे, चॅनेल देतो, १८ पाठवले तर आडव्याचे. दोन सासवा आणि एक सून. दोन तोंडांचा एलएनबी लावा आणि प्रत्येक डब्याला आपली स्वतंत्र केबल टाका, स्प्लिटर काढून टाका. शिवाय तो स्प्लिटर केबल टीव्हीचा असेल, त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेलं असेल, तर डिशचा बहुतेक सगळा माल त्याच्या वरचाच आहे.

इचलकरंजीचे एक दुकानदार : दुकानात सीसीटीव्ही लावताना थ्री-प्लस-वन केबलचा अर्धा रोल उरलाय. सीसीटीव्हीवाला म्हणाला यातून फुल एचडी जातं. मग घरच्या डिशला हीच लावू का?

तो खरं बोलला. तुमचे १०८० पीचे कॅमेरे कोॲक्सवरून चित्र काही शे मीटरपर्यंत ढकलतात, आणि तेही ॲनालॉग पद्धतीने, ही पण एक गंमतच, एचडी म्हणजे डिजिटलच असं काही नाही. पण ते सगळं कमी फ्रिक्वेन्सीत, काही दहा मेगाहर्ट्झमध्ये चालतं. तुमच्या रोलमधली जी एक कोॲक्स आहे ती बारीक, जाळी विरळ, सोबतच्या तीन तारा वीजपुरवठ्याच्या. २१५० मेगाहर्ट्झला ती केबल धाप टाकेल. दोन-तीन मीटर असेल तर चालूनही जाईल कदाचित, गच्चीवरून खाली आणायला लावू नका. पुढे कॅमेरा वाढवाल तेव्हा कामाला येईल, ठेवा.

एडिसन, न्यू जर्सीहून : आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. घरात भिंतीभिंतीला कोॲक्सचे सॉकेट आहेत, केबल आम्ही बंद केली, सगळं इंटरनेटवर. शेजारी म्हणतात खिडकीत अँटेना लाव, फुकट एचडी येईल. कोॲक्सवरून? आणि एचडी अँटेना असा वेगळा घ्यावा लागतो का?

हो, येईल. तिकडे मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं आणि तेव्हापासून हवेतून येतं ते डिजिटल, ६ मेगाहर्ट्झच्या एका खणात १९.३९ मेगाबिट, त्यात १०८० किंवा ७२० ओळींचं एचडी. तुमच्याकडचे मोठे चॅनेल मॅनहॅटनमधून, वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेटच्या टोकावरून येतात, म्हणून अँटेना ईशान्येच्या खिडकीत किंवा माळ्यावर लावा. अँटेनाला एचडी वगैरे काही कळत नाही, खोक्यावर एचडी छापलं की किंमत वाढते एवढंच, युएचएफचा, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा, चांगला अँटेना पाहिजे आणि काही स्टेशनं व्हीएचएफवर, म्हणजे खालच्या पट्ट्यावर, आहेत म्हणून तेही पकडणारा. भिंतीतले सॉकेट वापरा, फक्त आधी तळघरात किंवा गराजमध्ये जिथे सगळ्या केबली एकत्र येतात तिथे केबल कंपनीची बाहेरची तार सोडवून ठेवा. बाबांना बातम्या आणि बेसबॉल मिळेल, आईच्या मराठी मालिका मात्र या अँटेनावर येणार नाहीत, त्याला इंटरनेटच लागेल. आणि इंटरनेटही त्याच कोॲक्सवरून एका खोलीतून दुसरीत नेता येतं, मोका नावाचे ॲडॉप्टर मिळतात, अडीच गिगाबिटपर्यंतचे. वायफाय वरच्या मजल्यावर पोचत नसेल तर भिंतीत पडून असलेल्या त्या तारेला एवढं काम द्या.

नाशिकहून : दुसऱ्या खोलीतला टीव्ही डब्याच्या आरएफ आउटमधून कोॲक्स टाकून जोडलाय. तिथे एचडी का नाही?

कारण ते भोक डब्याच्या काळातलं नाही, त्याच्या आजोबांच्या काळातलं आहे. तिथून डबा जुन्या ॲनालॉग चॅनेलसारखं चित्र सोडतो, केबल चांगली असून उपयोग नाही. स्वस्तातलं म्हणाल तर दुसरा डबा. हाच डबा दोन्हीकडे हवा असेल तर एचडीएमआय एक्स्टेंडर, त्याला नेटवर्कची कॅट-६ वायर टाकावी लागते. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे रुसते. आणि एक तिसरा प्रकार आहे, एचडीएमआय मॉड्युलेटर, तो डब्याचं एचडी चित्र डिजिटल चॅनेल बनवून तुमच्या त्याच कोॲक्समध्ये टाकतो आणि पलीकडचा टीव्ही ट्यूनरवर पकडतो, हॉटेलांत वापरतात. घरासाठी महाग पडतो, हौस असेल तरच. घेण्याआधी टीव्हीच्या माहितीपुस्तकात डीव्हीबी-सी किंवा डीव्हीबी-टी (असे डिजिटल चॅनेल पकडणारे ट्यूनर) लिहिलंय का ते बघा.

अकोल्याहून शेवटचं : दुकानदार सोन्याच्या मुलाम्याची "फोर-के एचडी कोॲक्स" दाखवतोय, तिप्पट किंमत. घेऊ का?

नको. सालीवर आरजी-६ आणि ७५ ओम छापलंय का बघा, आरजी-५९ बारीक असते, डिशला नको. जाळी सोलून बघू द्या म्हणावं, विरळ असेल तर सोडा. आणि खिशात एक लोहचुंबक घेऊन जा. मधली तार चिकटली तर ती लोखंडाची, वरून तांब्याचा थर. केबल टीव्हीला तशी बिनधास्त चालते, लहर वरच्या थरातूनच जाते. डिशला मात्र एलएनबीची वीज अख्ख्या तारेतून वाहते, तेव्हा गच्ची लांब असेल, तीस-चाळीस मीटरच्या पुढे, तर पूर्ण तांब्याची घ्या. वाचलेल्या पैशांत पिना घ्या, दाबून बसवायच्या, आट्याने नुसत्या पिळून बसवायच्या नाहीत, आणि दोन-चार जास्तच घ्या, पहिल्या दोन बिघडतात.